हरताळ, कंस आणि पेन्सिल

एखाद्याच्या कष्टांवर हरताळ फासला, असे आपण सहज बोलून जातो आणि बोलताना अनेकांच्या डोळ्यांपुढे बंद दुकाने उभी राहतात. त्या हरताळाचा इथे संबंध नाही. दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ 'हाट' आणि 'ताळा' यांतून आला, म्हणजे बाजाराला लावलेले कुलूप. वाक्प्रचारातला हरताळ हे खनिज आहे, गंधक आणि सोमल यांचे पिवळेधमक संयुग. पोथी लिहिणारा चुकला, की हरताळाची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून तो चुकलेल्या अक्षरांवर फासत असे. जुना कागद मुळातच पिवळसर. त्यावर हा लेप मिसळून जाई आणि वाळल्यावर त्याच जागी नवी अक्षरे लिहिता येत. द्रव्य विषारी, म्हणून कसरही त्याच्या वाटेला जात नसे.

सुटलेले अक्षर घालायचे असेल तर ओळीत हंसपद काढून ते समासात लिहीत. ती सोय वाचकाला कळणारी होती. हरताळाचे तसे नव्हते. पोथ्या पाहायची सवय लागली की पानावर हरताळाचे डाग आधी दिसू लागतात, मजकूर मागाहून. कुठे लेपाची खपली निघालेली असेल तर खालचे अक्षर ओळखता येते. बहुधा येत नाही. लेखक कोणत्या शब्दावरून कोणत्या शब्दाकडे वळला, ते त्या पिवळ्या चौकोनाखाली गेले ते गेलेच.

हे सगळे मी पुन्हा वाचायला घेतले ते एका अगदी आजच्या कामामुळे. मी राहतो खडकी बाजारात. पेशाने अभ्यासक नाही. उमेदीची वर्षे एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. मोडी चाळिशीत शिकलो, तीही रविवारच्या वर्गात. माझी भाची आणि तिचे दोन सहकारी संगणकावर काम करणाऱ्या एआय एजंटांसाठी एक साधन तयार करत आहेत. एजंटाने काय काय केले याची क्रमवार नोंद ठेवायची, आणि हवे तेव्हा ते काम मागे न्यायचे किंवा मागे नेलेले पुन्हा पुढे आणायचे, एवढेच त्या साधनाचे काम. त्याची मराठी माहितीपुस्तिका हवी होती. ''मामा, तू जुनी कागदपत्रं वाचतोस ना? मग अनडू आणि रीडूला मराठीत काय म्हणायचं ते सांग. बाकीचं आम्ही लिहू,'' असे ती म्हणाली. शब्द सुचवणे दोन दिवसांचे काम होते. पण शब्दांच्या मागे जाता जाता लक्षात आले, की केलेले काम मागे कसे घ्यायचे, आणि मागे घेतल्याची खूण ठेवायची की नाही, हा प्रश्न आपल्या दप्तरांनी, वह्यांनी आणि पोथ्यांनी शतकानुशतके सोडवला आहे. एका प्रकारे नव्हे, निरनिराळ्या प्रकारे. आणि त्यांतल्या काही प्रकारांत माणसांचे हक्क गेले आहेत.

आधी संगणकाकडचा इतिहास थोडक्यात सांगतो. अनडू ही सोय संगणकाबरोबर जन्मलेली नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात आंद्रिस व्हॅन डॅम यांच्या गटाने 'फ्रेस' नावाची मजकूर-संपादनाची प्रणाली बनवली, तिच्यात शेवटचा बदल मागे घेता येत असे. वॉरन टाइटलमन यांनी १९७०च्या आसपास लिस्प भाषेत काम करणाऱ्यांसाठी एक 'सहायक' तयार केला. तो वापरणाऱ्याच्या आज्ञांची यादी ठेवी. त्या यादीतली आज्ञा पुन्हा करता येई आणि उलटवताही येई. १९८३ साली अॅपलच्या 'लिसा' संगणकाबरोबर ही सोय सामान्य माणसाच्या टेबलावर आली, आणि झेड या अक्षराची कळ तिच्याशी कायमची जोडली गेली.

या सोयीत एक खोच आहे, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. समजा, तुम्ही तीन पावले मागे गेलात आणि तिथे एखादे अक्षर नव्याने टाइप केले. बहुतेक संपादकांत त्या क्षणी पुढची तीन पावले नाहीशी होतात. पुन्हा पुढे जायची वाट बंद. म्हणजे मागे जाण्याची सोय देणारे यंत्र इथे स्वतःच हरताळ फासते. 'ईमॅक्स' या जुन्या संपादकाने हे टाळले: तिथे मागे घेणे हीदेखील एक कृतीच धरली जाते आणि तिचीही नोंद होते, त्यामुळे मागे घेतलेले मागे घेता येते. वापरायला ते जरा किचकट आहे, पण तत्त्व म्हणून मला तेच बरोबर वाटते.

याहून मोलाचा धागा डेटाबेसच्या बाजूचा आहे. बँकेच्या संगणकात व्यवहार अर्धा झालेला असताना वीज गेली तर काय करायचे? आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन आणि आयबीएममधले त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली 'एरीज' या नावाने प्रसिद्ध असलेली पद्धत मांडली. तिचा गाभा असा: कोणताही बदल प्रत्यक्ष करण्याआधी त्याची नोंद वहीत झाली पाहिजे. यंत्र पुन्हा सुरू झाले की वहीवरून आधी सगळा इतिहास जसाच्या तसा पुन्हा घडवायचा, अर्धवट राहिलेल्या व्यवहारांसह. मग ते अर्धवट व्यवहार एकेक करून उलटवायचे, आणि प्रत्येक उलटवण्याची भरपाईची नोंद त्याच वहीत करायची. वहीतले काहीही खोडायचे नाही. 'इतिहासाची पुनरावृत्ती' हा शब्दप्रयोग त्या निबंधातलाच आहे. अभियंत्यांच्या निबंधात तो वाचून मी दोन वेळा पान मागे उलटले.

लक्ष्मीपूजनाला ज्या घरात अजून लाल वही पुजली जाते, तिथे ही पद्धत कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. रोजकीर्दीत व्यवहार घडला त्या क्रमाने उतरायचा, मग खतावणीत त्या त्या खात्यावर न्यायचा. रक्कम चुकून भलत्याच्या नावे पडली तर कीर्दीतली ओळ खरवडायची नाही. आज, आजच्या तारखेला उलट नोंद घालायची. खरवडलेल्या वहीला सावकाराच्या पेढीत आणि पुढे न्यायालयातही किंमत राहत नसे. संगणकावर हिशेब गेल्यावर ही शिस्त सैल झाली, कारण पडद्यावर खरवडलेले दिसतच नाही. म्हणून केंद्र सरकारने नियम केला, की १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांनी हिशेबासाठी वापरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे आणि तो माग ठेवणे बंद करण्याची सोय असता कामा नये. आमच्या तपासणी विभागातही साधा नियम होता: चुकलेला आकडा एका रेघेने खोडा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवा आकडा, सही, तारीख. व्हाइटनर टेबलावर सापडला तर मेमो.

दप्तरातल्या जुन्या माणसांना दुरुस्तीपेक्षा घुसडण्याची भीती अधिक होती. शिवकालीन पत्रांत मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा उमटवलेली असते. मजकुराची मर्यादा इथे संपली, यापुढे कोणी ओळ जोडू नये, हा तिचा व्यवहारातला अर्थ. कर्जरोख्यात रुपये १०० लिहिले की लगेच 'याचे निमे ५०' असे लिहीत. एक शून्य वाढवणाऱ्याला मग दोन ठिकाणी हात चालवावा लागे. आणि ज्या दुरुस्तीची आख्यायिका मराठी माणसाला पाळण्यात कळते ती 'ध चा मा'. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला हा इतिहास. 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले ही लोकस्मृती, आणि ती तेवढीच मानावी. पण लोकस्मृतीनेही गुन्हा कुठे ठेवला ते पाहण्यासारखे आहे: तलवारीत नव्हे, एका अक्षराच्या दुरुस्तीत, जिच्या आधीचे रूप कोणाकडे राहिले नाही.

ग्रंथांच्या बाबतीत दोन उदाहरणे समोरासमोर ठेवावीशी वाटतात. शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ग्रंथ शके १२१२चा. मधल्या तीन शतकांत प्रतींमागून प्रती होताना पाठ बिघडले होते. नाथांनी ते मिळवून, ताडून एक शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. हे उपकार मोठे आहेत, याबद्दल दुमत नाही. पण नाथांनी काय काढले, काय बदलले, कुठे दोन पाठांतून एक निवडला, याची टिपणे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. नाथांच्या अधिकारापुढे आधीच्या प्रती मागे पडल्या. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा जो वाद उठला, त्याचे मूळ मला इथेच दिसते: दोन रूपे हाती होती, मधली पावले नव्हती. पावले नसली की जो तो आपल्या श्रद्धेप्रमाणे किंवा अश्रद्धेप्रमाणे ती भरून काढतो.

दुसरे उदाहरण पुण्यातलेच, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले. १९२५मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि अख्खे महाभारत १९६६पर्यंत. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते वापरली गेली. सुकथनकरांनी नंतर घुसलेला म्हणून जो मजकूर मूळ संहितेतून काढला तो फेकला नाही. चार-दोन ओळी असतील तर तारांकित करून पानाच्या तळाला; मोठा भाग असेल तर परिशिष्टात; आणि कोणत्या प्रतीत तो आहे, कोणत्या प्रतीत नाही, ते संकेताक्षरांनी. गणपतीने व्यासांचा लेखक व्हायचे कबूल केले, पण लेखणी थांबू देणार नाही ही अट घातली, ती लाडकी कथाही अशीच परिशिष्टात गेली. बुद्धिदेवतेला बाहेर काढले म्हणून तेव्हा भाविक नाराज झाले असतील. पण कथा आहे, पान उघडून वाचता येते. ज्याला सुकथनकरांचा निर्णय पटत नाही, तो त्यांनी दिलेल्या सामग्रीवरूनच तो उलटवू शकतो. आपला निर्णय फिरवायची साधने आपणच विरोधकाच्या हाती देणे, हा प्रकार विद्वानांत दुर्मीळ आणि सत्ताधाऱ्यांत त्याहून. (गणपतीची अट तशी सोपी होती. त्याच्यामागे मागे जायची कळ नव्हती.)

खडकीचे नाव इतिहासात आले ते ५ नोव्हेंबर १८१७च्या लढाईने. त्या दिवशी रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून नदी ओलांडून खडकीच्या छावणीकडे आला, आणि त्याच्या पाठीमागे पेशव्यांच्या फौजेने रेसिडेन्सी जाळली. त्यात त्याचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रे गेली. ज्याचे स्वतःचे कागद असे जळून गेले, त्याच्याच हाती काही महिन्यांत पेशव्यांचे सगळे राज्य आणि दप्तर आले. ते दप्तर कंपनी सरकारने जपले, आणि इतिहासप्रेमाने नव्हे. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले तेव्हा त्या दप्तराचा उपयोग कळला. एखाद्या घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेले इनाम मूळ सनदेत खरोखर आहे का, ते या रुमालांत पाहिले जाई; नोंद मिळाली नाही की इनाम धोक्यात. नोंद राखणारा आणि निकाल देणारा एकच असेल तर काय होते, याचा तो धडा दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि देशावरच्या अनेक घरांनी घेतला.

आमच्या खडकीच्या छावणी हद्दीत आजही सातबारा नाही. तिथे जमिनीची नोंद असते ती जनरल लँड रजिस्टरात. सातबाऱ्याची ओळख मला झाली ती आईमुळे.

इथे जरा थांबून महाराष्ट्रातल्या फेरफार नोंदवहीबद्दल लिहायला हवे, कारण माझ्या मते एजंटांच्या साधनाला सगळ्यांत जवळची मराठी वस्तू तीच आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला. आज ती व्यवस्था १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली चालते. सातबारा उतारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती. ती स्थिती कशी झाली हे सांगणारी वही वेगळी, गाव नमुना ६. तिच्यात रकाने चारच. पहिल्यात फेरफाराचा अनुक्रमांक, दुसऱ्यात मिळालेल्या अधिकाराचे स्वरूप, तिसऱ्यात कोणत्या भूमापन क्रमांकावर परिणाम झाला ते, आणि चौथ्यात तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे किंवा शेरा. खरेदी, वारस, गहाण, बोजा चढला, बोजा उतरला, सगळे येत जाते तसे एकाखाली एक. वर्दी आल्यावर तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली तर प्रकरण ६अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. सातबारा हाताने लिहीत तेव्हा तोवर त्याच्यावर फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीने लिहिलेला असे. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की पेन्सिलीची शाई होई. नाव कमी करायचे असेल तर ते पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. नोंद चुकीने झाली असे वरच्या अधिकाऱ्याने ठरवले, तरी जुना फेरफार जागेवर राहतो आणि नवा फेरफार त्याला रद्द करतो. लेखनप्रमाद असेल तर कलम १५५ आहे.

आईच्या माहेरची थोडी जमीन होती. आजोबा गेल्यावर वारस म्हणून आईचे आणि मावशीचे नाव लागले होते, हे तिला ठाऊक होते. पुढे ते कधी गेले, कसे गेले, याविषयी घरात कोणी बोलत नसे. ती सत्तरीत असताना मी जुने उतारे काढले. त्यांत दोघी बहिणींची नावे होती, कंसात. कंसाशेजारी क्रमांक होता. त्या क्रमांकाचा फेरफार काढला. दुसऱ्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलेले होते, की दोघींनी आपला हक्क राजीखुशीने सोडल्याचा जबाब दिला, सबब त्यांची नावे कमी केली. हक्कसोडीच्या नोंदणीकृत दस्ताचा उल्लेख नव्हता. चौथ्या रकान्यात आद्याक्षरे. आईने तो कागद हातात धरून पुष्कळ वेळ पाहिला. असा जबाब दिल्याचे तिला आठवत नव्हते. ज्या साली तो दिला म्हणून लिहिले होते, त्या साली माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी होती, एवढे मात्र आठवले.

कज्जा केला नाही. तिला करायचा नव्हता. मावशी तर तोवर गेली होती. ''माझं नाव होतं ना? ते दिसतंय ना?'' एवढेच तिने दोनदा विचारले. कंसाऐवजी तिथे हरताळ असता, किंवा नव्या कोऱ्या उताऱ्यात कंसही न छापण्याची पद्धत असती, तर मला तिला उत्तर देता आले नसते. फेरफार वही न्याय देत नाही. अन्याय कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांत आणि कोणाच्या आद्याक्षरांनी झाला, एवढे ती सांगते, आणि कोणाला पुढे जायचे असेल तर तिथून पुढे जाता येते.

एजंटाच्या पुस्तिकेचे पहिले प्रकरण मी याच वहीवर बेतून लिहिले. एजंट म्हणजे, ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, नुसते उत्तर देणारे नव्हे तर सोपवलेले काम स्वतः पावले टाकत पुरे करणारे सॉफ्टवेअर. ते फायली उघडते, बदलते, आज्ञा चालवते, पत्रे पाठवते. प्रत्येक पावलाची नोंद ठेवायची तर तिच्यात काय असावे? कोणी सांगितले, काय केले, आधीची स्थिती, नंतरची स्थिती आणि उलट पाऊल कोणते. अनडूला मी 'मागे घेणे' सुचवले आणि रीडूला 'पुन्हा लागू करणे'. भाचीला 'पूर्ववत' आवडला होता. मी तो नाकारला, कारण पूर्ववत काहीच होत नसते. मागे घेतले ही गोष्टही आता घडलेली असते. नोंदीला 'फेरफार' हा शब्द मात्र तिघांनाही एकदम पटला.

'पुन्हा लागू करणे' इथे एक अडचण आली, ती जुन्या संपादकांत नव्हती. टाइप केलेले अक्षर पुन्हा आणायचे म्हणजे तेच अक्षर येते. एजंटाला तेच काम पुन्हा सांगितले तर तो दुसरेच उत्तर देऊ शकतो. म्हणून पुन्हा लागू करताना एजंटाला विचारायचे नाही, त्याने पहिल्या वेळी जे केले त्याची नोंद वाचून तेच जसेच्या तसे ठेवायचे. मोहन यांची इतिहासाची पुनरावृत्ती ती हीच. उलटही एक अडचण आहे: फाइल मागे नेली तरी एजंटाच्या संभाषणात ती बदलल्याचेच राहते, आणि पुढचे पाऊल तो त्या समजुतीवर टाकतो. त्याला वेगळे कळवावे लागते. तिसरी गोष्ट, नोंदवही एजंटाच्या हाताबाहेर हवी. जुलै २०२५मध्ये रेप्लिट या सेवेवरच्या एका एजंटाने, बदल करू नका अशी सूचना असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला, आणि वर आता मागे फिरता येणार नाही असे सांगितले. प्रत्यक्षात फिरता आले. तेव्हा काय झाले हे करणाऱ्यालाच विचारून भागत नाही. आईच्या फेरफारातला जबाबही कोणीतरी कोणाच्या तरी वतीने लिहिलेलाच होता.

आणि जे मागे घेताच येत नाही त्याचे काय? पाठवलेले पत्र, भरलेले पैसे. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ साली लांबलचक व्यवहारांसाठी भरपाईच्या पावलांची कल्पना मांडली: तिकीट काढले ते न काढल्यासारखे करता येत नाही, रद्द करता येते, आणि रद्द करण्याचा खर्च पडतो. जीमेलमधली पत्र मागे घेण्याची सोय तर मागे घेणे नव्हेच. पत्र काही सेकंद रोखून धरलेले असते, इतकेच. तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी इंद्रायणीने परत दिल्या, अशी आपली श्रद्धा आहे. मेल सर्व्हरकडून ती अपेक्षा करता येत नाही.

इथे मला पेन्सिल आठवली. मागे न घेता येणारे प्रत्येक पाऊल आधी पेन्सिलीत असावे, माणसाने पाहून शाई करावी, तोवर ते बाहेर जाऊ नये. हे मी सुचवले तेव्हा त्या तिघांतला एक मुलगा म्हणाला, ''काका, मग एजंट कशाला? सगळं थांबूनच राहील.'' त्याचे म्हणणे खोटे नाही. फेरफाराचे १५ दिवस किती महिन्यांचे होतात हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. शेवटी फाइलींतले बदल थेट शाईत, आणि पत्रे, पैसे व कायमचे पुसणे एवढीच पेन्सिलीत, असे ठरले. पडद्यावर त्या प्रलंबित पावलांना आता करड्या रंगाची चौकट येते. पुस्तिकेत तिचे नाव 'पेन्सिल नोंद' असे आहे.

एक मुद्दा सुटलेला नाही. नोंदवही किती काळ ठेवायची? तिच्यात लोकांचे पत्ते, पत्रे, आकडे येणार. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो मला मान्य आहे. भाची ३० दिवस म्हणते. मी म्हणतो, मजकूर पुसा, पण पुसल्याची ओळ, तारीख आणि कोणी पुसले ते राहू द्या. कंस तेवढा ठेवा. तिचे म्हणणे, ज्याला विसरले जायचे आहे त्याला कंसही नको असतो. या आठवड्यात पुस्तिकेची तिसरी प्रत छपाईआधी वाचून झाली. सातव्या प्रकरणात त्या जागी सध्या नुसती टिंबे आहेत.